उलट्या शिक्क्याची तिकिटं

नोकरी कुठं, असं कुणी विचारलं की मी "सरकारी" एवढंच सांगायची. पुढं विचारलंच तर "तपासणी". त्याच्याही पुढं कुणी खोदत बसलं, तर मात्र सांगावं लागायचं की बाबा, मी लॉटरीच्या जाहिराती तपासते. समोरचा आधी हसायचा, मग इकडंतिकडं बघून हळूच विचारायचा, "मग नंबर आधी कळत असतील की तुम्हांला?" हा प्रश्न मला सख्ख्या दिरानं विचारलाय, लेकीच्या सासऱ्यांनी ऐन साखरपुड्यात विचारलाय आणि एकदा दवाखान्यात सलाईन लावता लावता नर्सनं विचारलाय. अहो, नंबर कळत असते तर मी बारामती-इंदापूर एसटीत दांडी धरून उभी राहिले असते का?

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचा घोळ समजेल. लॉटरी विकायला परवानगी होती, पण जाहिरात मनाला येईल तशी करायला नव्हती. ‘नक्की लागणार’ असं लिहायचं नाही. देवाचं चित्र लावायचं नाही. ‘लॉटरीत पैसे बुडू शकतात’ ही सूचना टपरीवर ठळक दिसली पाहिजे. बारामती आणि इंदापूर, दोन तालुके माझ्या गळ्यात. त्याशिवाय टपरीवरच्या गठ्ठ्यातली दहा-बारा तिकिटं उचलायची, छपाई आणि नंबर यादीशी ताडून बघायचे, आणि खरी निघाली की पाठीमागं ‘तपासले’ असा जांभळा शिक्का मारून परत गठ्ठ्यात ठेवायची. खोटी तिकिटं छापणाऱ्यांना जरब बसावी, एवढाच त्या शिक्क्याचा उपयोग. शिक्क्याचा आणि नशिबाचा काडीचाही संबंध नाही, हे मी पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

नियम मोडणारे परवडले, पाळणारे नकोत, असं मला हरिभाऊनं शिकवलं. इंदापूरच्या स्टँडाबाहेर त्याची पत्र्याची टपरी. टपरीवर त्यानं लक्ष्मी रंगवून घेतलेली, हातातून नाण्यांऐवजी तिकिटं पडतायत. मी म्हटलं, "हरिभाऊ, देवाचं चित्र चालत नाही, आठ दिवसांत बदला." आठ दिवसांनी गेले तर लक्ष्मीला मिशा काढलेल्या, डोळ्याला चष्मा, आणि खाली लिहिलेलं, ‘भाग्यवान विजेता’. हात मात्र चारच.

"हे काय हरिभाऊ?"

"देव न्हाय बाई आता. माणूस हाय."

"चार हातांचा माणूस?"

"पेंटरचं पैसं संपलं बाई. दोन हात पुसायचं त्यो येगळं मागतोय."

‘पैसे बुडू शकतात’ ही सूचना त्यानं लावली होती बरं का, आणि चांगली हातभर मोठी लावली होती. फक्त टपरीच्या छपरावर. तिथं ती कावळ्यांना स्वच्छ वाचता येत होती. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "ठळक म्हणला होता, कुठं ते कुठं म्हणला होता?" नियम काढून बघितला. खरंच कुठं ते लिहिलेलं नव्हतं. मी मनातल्या मनात नियम लिहिणाऱ्याचा उद्धार केला आणि चहा प्यायला गेले.

आता त्या टपऱ्याही मोजक्याच उरल्यात. जुगाराच्या जाहिराती माणसांच्या खिशात, मोबाईलमध्ये जाऊन बसल्या. हरिभाऊला निदान समोर उभं राहून चार शब्द सुनवता यायचे. मोबाईलवरच्या जाहिरातीतल्या हसऱ्या पोराला नोटीस कुठं चिकटवायची? शेवटची दोन वर्षं मी कागदावर तक्रारी पाठवत राहिले आणि लोक शेजारी बसून मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळत राहिले. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

तर, माझी निवृत्ती वर्षावर आली होती तेव्हाची गोष्ट. निरवांगीचे गणपतराव, डाळिंबाचे बागायतदार, यांना हरिभाऊच्या टपरीवरच्या तिकिटाला बक्षीस लागलं. चांगलं घसघशीत. त्या तिकिटाच्या पाठीवर माझा ‘तपासले’ शिक्का होता. गठ्ठ्यातल्या बारा तिकिटांवर होता, त्यातलं एक गणपतरावांनी उचललं, झालं. पण गणपतराव डाळिंबाची पेटी घेऊन थेट बारामतीच्या ऑफिसात हजर.

"बाई, तुमच्या हातगुणानं लागलं बगा."

"अहो तात्या, हातगुण कसला? मी छपाई बघते."

"तुमी काय बी बगा. लागलं न्हवं?"

हातगुण हा आमच्याकडं थट्टेचा विषय नाही. ज्याच्या हाताला यश आहे त्याला बोलावून पेरणीची पहिली मूठ टाकतात, उसाचं पहिलं कांडं लावतात. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये हा मान माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी लावलेलं विरजण भर थंडीत लागतं, आत्यांनी लावलेला ऊस पडत नाही, अशी ख्याती. त्यांना लिहितावाचता येत नाही, पण आसपासच्या चार गावांत त्यांच्या हाताला मान होता. माझ्या हाताला तोवर फक्त शाई होती.

मी गणपतरावांना पेटीसकट हाकलून दिलं, आणि चांगलं झापलं. म्हटलं, "लाज नाही वाटत? सोन्यासारखी बाग सोडून तिकिटं घेताय!" गणपतराव खाली मान घालून गेले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मेव्हण्याला पाचशेचं बक्षीस लागलं. निरवांगीत निष्कर्ष निघाला तो असा: बाईंचा शिक्का तर चांगलाच, पण बाई झापतात ते जास्त लागू पडतं.

त्यानंतर माझी जी काय दशा झाली! टपरीवर गेले की मागं रांग. कोण तिकीट पुढं करतंय शिक्क्यासाठी, कोण नुसतंच उभं राहतंय शिव्या खायला. पिंपळीचा एक चांगला म्हातारा मनुष्य माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "बाई, मला बी काय तरी बोला की." मी म्हटलं, "आजोबा, घरी जा, डोकं फिरलंय का तुमचं?" ते समाधानानं हसले आणि तिकीट घ्यायला वळले. गप्प बसावं तर कामात कसूर, बोलावं तर जाहिरात. मी शेवटी नुसती मुंडी हलवून बोलायला लागले, तर लोक त्याचाही अर्थ लावायला लागले.

हरिभाऊनं संधी साधली. पाटी लावली: ‘बाईंनी तपासलेली तिकिटे येथे मिळतील.’ मी त्याला सणसणीत नोटीस काढली, सही-शिक्क्यासकट. पुढच्या फेरीला गेले तर नोटीस काचेच्या फ्रेममध्ये, झेंडूचा हार घालून, पुढं उदबत्ती लावून टांगलेली. खाली माझा जांभळा शिक्का झगझगीत. लोक नमस्कार करून तिकीट घेत होते. ती काढायची म्हणजे दुसरी नोटीस द्यायला लागणार होती. तो दुसरी फ्रेम करून तयारच असणार, म्हणून मी पहिलीच फ्रेम काखेत मारली आणि एसटी धरली. येताना हार माझ्याच मांडीवर.

मी ठरवलं, आता शिक्का बंद. तीन महिने एकाही तिकिटावर शिक्का मारला नाही. यादीशी ताडून नुसती वहीत नोंद करायची. शिक्का पिशवीत, पिशवी घरी खुंटीला. म्हटलं, निवृत्तीला चार महिने राहिलेत, निमूट जावं.

आणि पुण्याहून लिफाफा आला. दोन्ही तालुक्यांत ‘तपासले’ शिक्क्याची तिकिटं फिरतायत, लोक ती शोधून शोधून घेतायत, सबब तपासनीस बाई स्वतःच शिक्का मारून लॉटरीची जाहिरात करतात अशी तक्रार आहे. चौकशी होईल. बत्तीस वर्षं मी जाहिरातीला आळा घातला, आणि शेवटी आरोप काय, तर मीच जाहिरात! चौकशी अंगावर असताना निवृत्त झालं तर पेन्शन लटकतं, हे सरकारी नोकरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या यांची कारखान्यातली नोकरी कधीच सुटलेली. घर माझ्या पेन्शनवरच चालायचं होतं.

चौकशी अधिकारी देशमाने साहेब. तरुण, इस्त्रीदार, हसू म्हणून नाही. त्यांनी बारामतीच्या ऑफिसात टेबलावर वीस-बावीस तिकिटं पाठ वर करून मांडली. सगळ्यांवर शिक्का. शाई माझी, अक्षर माझ्याच शिक्क्याचं, ‘स’च्या दांडीला बारीक चीर होती तीसुद्धा.

"शिक्का तुमचाच ना?"

"माझाच."

"मग?"

मी तिकिटं निरखून बघितली आणि एकदम लक्षात आलं. "साहेब, हे सगळे शिक्के उलटे आहेत."

खरंच. एकूणएक शिक्का डोकं खाली पाय वर. सगळेच्या सगळे. घाईत एखादा उलटा पडतो, पण एवढे? साहेब म्हणाले, "म्हणजे मारणाऱ्याला वाचता येत नाही." आणि त्याच क्षणाला माझ्या डोळ्यांपुढं आत्यांचा अंगठा आला. गेले दोन महिने जांभळा होता. मी विचारलं होतं, आत्या, अंगठ्याला काय झालं? तर म्हणाल्या होत्या, "जांभळं खाल्ली." पौषात जांभळं! आणि मी, तपासनीस, "कमी खा, पोट दुखेल," म्हणून कामाला लागले होते. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

साहेब म्हणाले, शिक्का जिथं ठेवता ती जागा बघायची आहे. निघालो जीपनं कोऱ्हाळ्याला. वाटभर मी देवाला सांगत होते की आत्या निदान शेतात असू देत. कसल्या शेतात! ओट्यावर आत्या मांडी घालून बसलेल्या, पुढं स्टुलावर शाईचं पॅड, हातात माझा शिक्का, आणि समोर चार बाया पदरात तिकिटं घेऊन शिस्तीत ओळीनं. बाजूला नारळांचा ढीग. गेले महिनाभर आमच्याकडं रोज आमटीत, भाजीत, चटणीत खोबरं का पडत होतं तेही तेव्हाच कळलं.

जीप बघून बाया पळाल्या. आत्या जागच्या हलल्या नाहीत.

"आत्या! हे काय चाललंय?"

"दिसत न्हाय व्हय? शिक्का मारतीया."

"अहो, हा सरकारी शिक्का आहे!"

"मग मी कुठं खासगी म्हणली?"

देशमाने साहेब पुढं झाले. त्यांनी कोरा कागद काढला आणि अदबीनं म्हणाले, "आजी, जरा या कागदावर शिक्का मारून दाखवता का?"

आत्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "नारळ आणलाय का?"

"अं?"

"नारळाबिगर हात लावत न्हाय म्या. फुकाट हातगुण लागत न्हाय."

मी म्हटलं, "आत्या, साहेब आहेत ते, पुण्याहून चौकशीला आलेत."

"पुण्याचा असूं दे न्हायतर दिल्लीचा. समद्यांला एकच नेम."

मी ढिगातला एक नारळ उचलून साहेबांच्या हातात द्यायला गेले, तर आत्यांनी तो हिसकावून घेतला. दुसऱ्याचा नारळ चालत नाही म्हणे. शेवटी ड्रायव्हर बापूराव गावातल्या दुकानात गेला आणि सरकारी चौकशीसाठी एक नारळ घेऊन आला. साहेबांनी तो वाकून आत्यांपुढं ठेवला. आत्यांनी डोळे मिटले, पुटपुटल्या, शिक्क्यावर फुंकर मारली आणि कागदावर दणका दिला. उलटा. ‘स’च्या चिरेसकट.

साहेब कागद धरून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं संतापले. मग बघितलं तर हसू दाबत होते बिचारे.

पण हसून प्रश्न सुटणार नव्हता. साहेब मला अंगणाच्या कडेला घेऊन गेले. म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्के मारले नाहीत हे सिद्ध झालं. पण आजींचं नाव अहवालात घातलं, तर सरकारी शिक्क्याचा गैरवापर म्हणून पुढं पोलीस, जबाब, पुण्याच्या खेपा. तुम्ही कोऱ्या सुटाल. नाव नको असेल, तर ‘घरातील व्यक्ती’ एवढंच लिहितो. पण मग निष्काळजीपणा तुमचा. पेन्शन वाचेल, पण ताकीद बसेल. सेवापुस्तकात लाल शाईनं."

बत्तीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक डाग नव्हता. हरिभाऊसारख्या माणसांशी झगडून मी ते पुस्तक स्वच्छ ठेवलं होतं, आणि खरं सांगते, त्याचा मला माज होता. मी ओट्याकडं बघितलं. एक्क्याऐंशी वर्षांची म्हातारी साहेबांचा नारळ कानाशी धरून पाणी आहे का ते हलवून बघत होती. मला तिचा भयंकर राग आला होता. पण तिला पोलीस चौकीत बाकड्यावर बसलेली बघणं माझ्यानं झालं नसतं.

"ताकीद लिहा," मी म्हटलं.

महिन्याभरात कागद आला. मी तो घेऊन आत्यांपुढं बसले. मनात म्हटलं, आता सुटकेचा निःश्वास टाकतील, पाठीवरून हात फिरवतील. मी मोठ्यानं वाचलं: ‘घरातील एका व्यक्तीने, शिक्क्याचे महत्त्व न समजल्याने…’

"म्हंजी मी का?"

"तुम्हीच. पण काळजी करू नका आत्या. तुमचं नाव कुठंही येऊ दिलं नाही."

आत्या उठल्या, आत गेल्या, आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. जेवल्या नाहीत. त्या दिवशी विरजण मी लावलं, सकाळी बघितलं तर नुसतं दूध. दुसऱ्या दिवशीही दूध. यांनी घाबरून डॉक्टर बोलावला. डॉक्टर म्हणाला, तब्येत ठणठणीत आहे, रुसल्यात.

तिसऱ्या दिवशी मी भाकरीचं ताट घेऊन शेजारी बसले. माझा पण तोल गेला. "आत्या, तुमच्यापायी मी लाल शाई लावून घेतली. आणि तुम्ही माझ्यावर रुसता?"

त्या भिंतीकडंच बघत म्हणाल्या, "कुणी सांगितलं हुतं नाव लपवाया? चोरी केली व्हय म्या?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आठ वर्सं झाली. पहिली मूठ टाकाया कुणी बोलवलं न्हाय. समदं यंत्रानं पेरत्यात. उसाची रोपं नर्सरीतनं येत्यात टेंपूनं. माज्या हाताचं कुणाला काय काम? तवा ह्या बाया आल्या. म्हणल्या, तुमच्या सुनंचा शिक्का मारून द्या. पर मारा म्हणल्या तुमच्या हातानं. तुमच्या हातानं म्हणल्या. आन् तू लिवलंस, एक व्यक्ती."

बत्तीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगितलं की नशीब, हातगुण, सगळं झूट आहे, आणि ते झूटच आहे. आत्यांच्या शिक्क्याच्या तिकिटांना कुणाला फुटकी कवडी लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण त्या दोन महिन्यांत आमच्या ओट्यावर रोज माणसं आली होती, एवढं खरं.

मी त्यांना म्हटलं, सरकारी कागद आता बदलत नाही, दुसरीकडं कुठं लिहीन. मग त्यांनी चतकोर भाकरी खाल्ली.

त्यानंतर तीन दिवाळ्या गेल्या. या अंकाच्या संपादकांनी नोकरीचे अनुभव मागितले तेव्हा मी आधी नाही म्हणणार होते. आत्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, कानानं कमी ऐकतात. अंक छापून आला की हे पान त्यांच्या कानाशी बसून मला वाचायचं आहे, आणि त्यातलं शेवटचं वाक्य ठळक छापा, असं मी संपादकांना बजावलं आहे. त्या वर्षी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फिरलेल्या तिकिटांवरचे एकूणएक उलटे शिक्के सरूबाई ज्ञानोबा खलाटे, राहणार कोऱ्हाळे बुद्रुक, यांनी स्वतःच्या हातानं मारले होते.